तापल्या लोखंडावर पाणी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात मी सात वर्षांचा असल्यापासून सर्वमान्य आहे. वाढलो शनिवार पेठेत. तिथे कुणी सरळ प्रश्न विचारला तर सरळ उत्तर देणं हा जरा बावळटपणाच समजला जायचा. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. मी एकटा आयटीआयला गेलो, वेल्डर झालो, कारखान्यात सव्वीस वर्षं काढली आणि नंतर धायरीत एक पत्र्याची शेड घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. ट्रक, टेम्पो, टँकर, जे तुटेल ते. शेडच्या दारावर मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली होती: ‘घाई असेल त्यांनी पुढच्या गल्लीत जावे. तिथे घाईनेच करतात.’ येणारेजाणारे तिचे फोटो काढायचे. मलाही ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

ती पाटी आता तिथे नाही. का नाही ते सांगायला बसलोय.

एका पाण्याच्या टँकरच्या मालकाचा दुपारी फोन आला. मालक धायरीतलाच, मूळ गाववाला. त्याचे चार टँकर सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांना पाणी पुरवतात. म्हणाला, “काका, तीन नंबरचा टँकर उतारावर भिंतीला गेलाय. मागचा अ‍ॅक्सल सरकलाय, डाव्या बाजूची बैठक उपटून निघालीय. डायवरच्या पायाला लागलंय. बाकी कुणाला काय नाय, देवाची कृपा. पण बैठक अशी आपोआप निघती का वो?”

माझ्या हातात चहाचा कप होता. समोर कुणी ऐकणारं नसलं तरी मला चटकदार बोलायची खोड आहे. मी म्हणालो, “बैठक आपोआप निघत नाही शेठ, काढावी लागते. तुमचा माणूस गतिरोधकावरून विमान उडवत असेल.”

तो हसला. मीही हसलो. चहा संपवला.

त्या एका वाक्यावर त्या ड्रायव्हरची नोकरी गेली. मालकाने चारचौघांत सांगितलं, “वेल्डिंगवाले काका म्हणाले, जोरात घातली म्हणून तुटली.” धायरीत माझ्या शब्दाला वजन आहे. तीस-पस्तीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस बोलतो म्हणजे पाहूनच बोलत असणार, असं लोक धरून चालतात. मी तर टँकर पाहिलासुद्धा नव्हता.

ज्यांनी कधी ट्रकच्या खाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या चाकांच्या मध्ये जी जाड आडवी नळी असते तो अ‍ॅक्सल. गाडीचा सगळा भार पाट्यांच्या स्प्रिंगवर येतो, आणि पाटे बसतात या नळीवर. नळी गोल, पाटे सपाट. गोलावर सपाट वस्तू टिकणार कशी? म्हणून नळीवर दोन्ही बाजूंना लोखंडाचा एकेक बसका ठोकळा वेल्ड केलेला असतो. आम्ही त्याला नुसतं बैठक म्हणतो. पाट्यांचा मधला बोल्ट बैठकीच्या भोकात शिरतो, आणि यू-बोल्ट सगळ्याला खालून कवेत घेऊन आवळतात. बैठकीचं वेल्डिंग सुटलं की अ‍ॅक्सल तिरका होतो, एक चाक पुढे, एक मागे. मग ड्रायव्हर स्टिअरिंग कुठेही फिरवो, गाडी तिला जायचं तिकडेच जाते.

तीन-चार दिवसांनी टँकर दुसऱ्या गाडीला टोचन लावून ओढत माझ्या शेडवर आणला. सोबत नवा ड्रायव्हर होता. ‘काका म्हणाले म्हणून जुन्याला काढलं,’ असं तो बोलून गेला; मी पुढे काही विचारलंही नाही.

गाडी जॅकने उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली. यू-बोल्ट इतके गंजलेले की कटरने कापावे लागले. पाटे उचलून बाजूला ठेवले, अ‍ॅक्सल खाली ओढून घेतला. डावी बैठक एका कोपऱ्यावर लोंबकळत होती, बाकी सगळी सुटलेली. मी तारेचा ब्रश घेतला, चिखल आणि ग्रीस काढलं, आणि खिशातला चष्मा लावून तुटलेल्या जागी पाहिलं.

लोखंड ताजं तुटलं तर आतला भाग पांढरा चकचकीत दिसतो. जुनी चीर असेल तर आत हवापाणी शिरून ती गंजते, काळी-तपकिरी होते. हे मला कुणी शिकवायला नको. गतिरोधकावर आपटून एका दणक्यात तुटलं असतं तर सगळा तुकडा चकाकला असता. इथे बोटभर पट्टी तेवढी पांढरी होती. बाकी सगळं काळं. म्हणजे बैठक कित्येक महिने थोडी थोडी सुटत आली होती, आणि त्या दिवशी उतारावर फक्त शेवटचा धागा तुटला. ती चीर निघाली होती वेल्डिंगच्या अगदी कडेपासून. आणि ते वेल्डिंग माझं होतं.

शंका घ्यायला जागाच नव्हती. मी वेल्डिंगचा शेवट करताना रॉड जरासा मागे वळवतो, त्यामुळे टोकाला स्वल्पविरामासारखी एक शेपटी उमटते. कारखान्यात माझे सोबती त्यावरून चिडवायचे, ‘पेठेतला वेल्डर, वेल्डिंगमध्येसुद्धा विरामचिन्हं घालतो.’ ती शेपटी तिथे होती.

मी खाली फरशीवर बसलो. दीड वर्षापूर्वीचा मे महिना आठवला.

त्याच टँकरच्या डाव्या बैठकीचं भोक झिजून लांबट झालं होतं म्हणून मी ती काढून नवी बसवत होतो. हे काम सावकाशीचं. अ‍ॅक्सलची नळी जाड आणि चिवट पोलादाची असते. दोन इंच वेल्डिंग मारायचं आणि थांबायचं. मग समोरच्या बाजूला दोन इंच, पुन्हा थांबायचं. एका दमात मारलं तर नळी वाकते. आणि सगळं झाल्यावर त्याला आपलं आपण निवू द्यायचं, वाटलं तर वर कोरडी वाळू टाकायची. लाल लोखंडावर पाणी मारलं की वरून काही दिसत नाही, पण कडेचं लोखंड काचेसारखं ठिसूळ होतं. हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात.

पण मे महिना. सोसायट्यांच्या टाक्या कोरड्या. मालकाचा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. “काका, झालं का? लोकं माझ्या दारात येऊन उभी राह्यलीत वो. बायामाणसं बादल्या घेऊन आलीत.” पाचव्या फोनला माझं डोकं फिरलं. टँकरच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं आणि मागचा रबरी पाइप माझ्या डोक्याशीच लोंबत होता. मी पाइप हातात घेतला.

तेव्हाही तीन नंबरवर हाच ड्रायव्हर होता; तो शेजारी उभा होता. परभणीकडचा, चाळिशीच्या आतला, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “काका, पाणी नका मारू. निवू द्या त्याला. मी थांबतो की.”

मी वर मान करून म्हणालो, “तू स्टिअरिंग धर बाबा. लोखंड मला कळतं.”

आणि कॉक उघडला. चर्रर्र आवाज झाला, वाफेने माझा चष्मा धुरकट झाला.  अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर होती. माझ्याच पाटीखाली उभं राहून मी घाई केली आणि नळीला पिवळा रंग मारून मोकळा झालो.

 पाय कुणाचा मोडला, तर ज्याने ‘थांबतो’ म्हटलं होतं त्याचा. नोकरी कुणाची गेली, त्याचीच. आणि विमान उडवलं म्हणणारा मी!

आता जे सांगतो ते बायकोलासुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. शेडमध्ये मी एकटाच होतो. नवी बैठक बसवायची म्हणजे जुनं वेल्डिंग घासून काढावंच लागतं, नळी चकचकीत करावी लागते. तो कामाचाच भाग. ग्राइंडरची चाकी दहा मिनिटं फिरवली असती की काळी चीर, माझी शेपटी, सगळं ठिणग्या होऊन उडून गेलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. मी ग्राइंडर उचलला. चालू केला. हातात घरघरत होता, आणि मी चाकी खाली टेकवायला नेलीसुद्धा.

मग बंद केला. यात माझा काही मोठेपणा नाही. मला एवढंच वाटलं की हे घासून टाकलं तर उद्यापासून प्रत्येक बैठक वेल्ड करताना हा माणूस शेजारी उभा दिसेल. ग्राइंडर बाजूला ठेवून मी मालकाला फोन केला, म्हटलं, या आणि बघा.

मालक आला. मी टॉर्च धरून त्याला दाखवलं, काळं कुठलं, पांढरं कुठलं. मग पाइपाचंही सांगितलं. तो खाली वाकून बघत राहिला. गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, “राहू द्या की काका. त्यो गेला, दुसरा आला. झाकली मूठ. कशाला उगा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?”

“पाय त्याचा मोडलाय, शेठ,” मी म्हणालो.

“मग आता काय करायचं म्हणताय?”

“तुम्ही त्याला काढलंत ते माझ्या बोलण्यावरून. माझं बोलणं खोटं होतं. त्याला सांगा तसं.”

मालक वाईट माणूस नाही, पण माणसापुढे वाकायची त्याला सवय नाही. तो गाडीत बसता बसता म्हणाला, “तुमीच सांगा. जीभ तुमची चालती.”

 

बैठकीचा राहिलेला कोपरा मी जपून कापला. कटरने वेल्डिंग उडवायचं, पण नळीला नखाएवढीही खाच पडू द्यायची नाही, नाहीतर नवी चीर तिथून निघते. बैठक हातात आली. तिच्या खालच्या अंगाला तुटलेली कड जशीच्या तशी होती. गोणपाटात गुंडाळून पिशवीत घातली आणि स्कूटरच्या पुढे अडकवून निघालो. पाच-सहा किलोचं लोखंड. दर खड्ड्याला गुडघ्यावर आपटत होतं.

तो धायरी गावठाणाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहायचा. बायकापोरं गावाकडेच. दार उघडंच होतं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठायला लागला. “बसा काका, बसा. च्या टाकायला सांगतो शेजारी.”

मी घरून चांगली तीन-चार वाक्यं तयार करून नेली होती. एकही आठवलं नाही. मी खाली बसलो, वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर बैठक उलटी करून ठेवली.

त्याने काही न विचारता ती हातात घेतली. दाराच्या उजेडाकडे वळवली. अंगठा काळ्या भागावरून फिरवला, मग पांढऱ्या पट्टीवरून. पुन्हा काळ्यावर आणला.

“हे जुनं हाय,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हंजे मी जोरात नव्हतो?”

“नव्हतास. माझं वेल्डिंग सुटलं. त्या दिवशी पाणी मारलं होतं ना मी, त्यानं.”

मला वाटलं आता तो चिडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो, शिव्या खायचीसुद्धा. तो चिडला नाही. म्हणाला, “तुमचा फोन स्पीकरवर होता काका. मी तिथंच फुटपाथावर बसलो होतो. तुम्ही ते इमान उडवायचं म्हणालात तेव्हा मालक हसले. मला वाटलं, काका म्हणतेत म्हंजे आसंल तसंच.”

मी गोणपाटाची घडी घालायला लागलो.

“पहिल्यांदा मला चांगलं आठवत होतं,” तो पुढे म्हणाला. “काटा तीसवर होता. उतार हाय, दुसरा गिअर, तीस. मग समदे म्हणायला लागले, जोरात होतास. दोन दिवसांनी मलाच काटा चाळीसवर दिसायला लागला. कालपासून साठवर दिसतोय. डोळे मिटले की साठ. मी बापाला फोन करून सांगून टाकलं, माझीच चूक झाली म्हणून. स्टिअरिंगला परत हात लावायचा नाही म्हणून शपथ घेतली.”

 पाय महिन्या-दीड महिन्यात जुळतो. पण बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी चहाच्या दोन घोटांमध्ये काढून घेतला होता, आणि वर हसलो होतो. मी म्हणालो, “तीसच होता. तुला पहिल्यांदा आठवलं तेच खरं.” तो म्हणाला, “परत म्हणा.” मी परत म्हणालो.

मग त्याने फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला. “हे माझ्या बापाला सांगता का? माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही. म्हणतील, आता सारवासारव करतोय.”

वडील आयुष्यभर सरकारी बस चालवून निवृत्त झालेले. फोनवर आवाज जाडाभरडा, सावध. मी माझी ओळख सांगितली आणि जे होतं ते सांगितलं. वेल्डिंग माझं, गरम असताना त्यावर पाणी मी मारलं, ते ठिसूळ झालं आणि चिरत गेलं, तुमच्या मुलाचा काही दोष नाही. एक गोष्ट तेवढी मी सांगितली नाही. त्याने मला अडवलं होतं, ते. मुद्दाम गाळलं असं नाही म्हणणार, पण जीभ तिथून अलगद पुढे गेली खरी. मुलगाही समोर बसून ऐकत होता.

 मग म्हातारबुवा म्हणाले, “पाणी मारलं तवा आमचा पोरगा तिथंच आसंल की.”

“होता.”

“तापल्या लोखंडावर पाणी घालू नाही हे त्याला ठावं हाय. मीच सांगितलेलं हाय त्याला. काही बोलला नाही का तो?”

मी समोर पाहिलं. तो प्लास्टरकडे बघत होता.

“बोलला होता,” मी म्हणालो. “नका मारू म्हणाला होता. मी ऐकलं नाही.”

“बरं,” म्हातारबुवा म्हणाले. “द्या त्याला.”

मी फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन चपला घालायला लागलो. आत तो नुसतं “हो, हो बाबा” म्हणत होता आणि रडत होता. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. साठीच्या माणसाने परक्याच्या दारात उभं राहून रडू नये, पण आलं. निघताना त्याने आतून हाक मारली, “काका, नवी बैठक कधी बसवणार?”

“उद्या सकाळी.”

“मी येतो. मला बघायचंय.”

सकाळी तो रिक्षातून उतरला, काखेत कुबडी. दारातली पाटी त्याने वाचली. दीड वर्षापूर्वीही वाचली असणार. मला तिच्याकडे बघवेना. तो आत जाऊन खुर्चीवर बसेपर्यंत मी स्क्रू काढून पाटी उतरवली आणि भंगारात टाकली.

त्या दिवशी मी उजवी बैठकही नवी घेतली होती. मालक म्हणाला, एकच बदला, मी ऐकलं नाही. नळी घासून आरशासारखी केली. दोन्ही बैठकांचं माप नळीच्या मध्यापासून तीनदा घेतलं, काटकोनाला गुण्या लावला, लेव्हल लावली. चारी कोपऱ्यांवर नुसते टिपके मारून पाटे बसवले, गाडीचा भार खाली सोडून पुन्हा माप घेतलं, मग उचललं. तो खुर्चीवरून सगळं बघत होता. एकदा म्हणाला, “डावीकडं सूतभर पुढं वाटतंय.” मी टेप लावला. होतं. नीट केलं.

मालक आला, दारात उभा राहिला. टँकर कधी सुटतोय ते बघायला आला होता. ड्रायव्हरला पाहून जरा चुळबुळला, मग छताकडे बघत म्हणाला, “पाय बरा झाला की ये रं. किल्ली तुझीच हाय.”

“बघतो, शेठ,” तो म्हणाला. “आधी हे हुंद्या.”

मी तोंडापुढे काच धरली आणि दोन इंच मारलं. काच बाजूला केली. वेल्डिंग लालवरून काळं होत होतं. तो कुबडीवर उठला, लंगडत आला, खाली वाकला आणि तळहात लोखंडाच्या वर चार बोटांवर धरला, आई भाकरीचा तवा तापलाय का पाहते तसा.

मालकाचा फोन वाजला. कुठल्यातरी सोसायटीचा असणार, तो “येतोय, येतोय” म्हणत होता. बोलता बोलता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रॉडचा होल्डर पुन्हा हातात घेतला.

“अजून गरम हाय, काका,” ड्रायव्हर म्हणाला. “थांबा.”

मी होल्डर खाली ठेवला आणि थांबलो.